पंप कुठं गळतो ते विचारलं

“हे काम मागायला लिहिलंय, की मुलगी बघायला जायचंय?” गोपाळरावांनी माझ्या लॅपटॉपवरनं नजर न काढता विचारलं.

“काका, प्रोफाइल आहे ते. फ्रीलान्सिंगच्या साइटवर टाकलंय.”

“जन्मतारीख. वडलांचं नाव. मूळ गाव कोल्हापूर. विवाहित, एक मुलगी. भाषा मराठी, हिंदी, इंग्लिश, थोडं तमिळ.” ते एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होते. “गोत्र राहिलं की हो.”

आत स्वयंपाकघरात वैशाली, म्हणजे माझी बायको, फिस्सकन हसली.

“आणि ही शेवटची ओळ. ‘मेकॅनिकलमधील सर्व प्रकारची कामे वाजवी दरात करून मिळतील.’ अय्यो! मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाची पाटी आहे ही.”

माझं डोकं सटकलं. सव्वीस वर्षं फाउंड्रीत काढलेला माणूस मी, आणि हे गृहस्थ मला पाटी म्हणतात! पण बोलणार काय? पाच आठवडे झाले होते आणि पदरात धड एक काम पडलं नव्हतं.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी दिलीप सुतार. चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीची इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथल्या एका फाउंड्रीत मी मेथड्सचा हेड होतो. फाउंड्री म्हणजे जिथं लोखंड वितळवून साच्यात ओततात. मेथड्सवाला म्हणजे ते साच्यात कुठनं शिरेल, कुठं आधी थंड होईल, कुठं उशिरा, हे आधी कागदावर ठरवणारा. एका सकाळी मालकांनी सांगितलं की मेथड्स डिपार्टमेंट आता दुसऱ्या राज्यातल्या प्लँटमधनं चालेल. तिकडं चला, नाहीतर राजीनामा द्या. मी राजीनामा दिला.

वैशालीची इथं चेन्नईजवळ, आम्ही राहतो त्या आवडी गावातल्या शाळेत पर्मनंट नोकरी आहे. मुलगी मुग्धा बारावीत. त्यांना उपटून कुठं न्यायचं? तेवढ्यात राजकोटच्या एका फाउंड्रीतनं पटेलसाहेबांचा फोन आला. जागा चांगली, मान चांगला. म्हणाले, “सुतारभाई, दोन महिने तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. त्यापुढं नाही.”

म्हणजे हिशेब साधा होता. दोन महिन्यांत घरबसल्या काम उभं राहिलं तर चेन्नईत राहायचं. नाहीतर एकट्यानं बॅग उचलायची, राजकोटला खोली करायची आणि वर्षातनं दोनदा घरी यायचं. माझ्या वडलांनी तेच केलं. ते पॅटर्नमेकर होते, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. जन्मभर परगावी राहिले. मी त्यांना सणावारी बघितलं. माझ्या मुलीनं मला तसं बघावं, हे मला नको होतं. घरात हे बोललो नव्हतो, पण रोज सकाळी लॅपटॉप उघडताना मनात तेच असायचं.

आता फ्रीलान्सिंगच्या साइटवर काय चालतं ते ऐका. जगातला कोणीही तिथं काम टाकतो: मला हे करून पाहिजे. मग त्यावर आपण बिड टाकायचं, म्हणजे मी करतो, एवढ्या पैशात करतो, असं लिहायचं. मी पहिल्या दिवशी सतरा ठिकाणी बिड टाकलं. दुसऱ्या दिवशी वीस. थ्रीडी मॉडेल, टायपिंग, डेटा एंट्री, इंग्लिशचं मराठी, काही म्हणजे काही सोडलं नाही. एकानं टायपिंग देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले. त्याला मी जे काही ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

एक काम मात्र मिळालं होतं. बाटल्यांच्या प्लॅस्टिक झाकणांची ड्रॉइंग्ज. त्या पठ्ठ्यानं झाकण अकरा वेळा बदलायला लावलं. बाराव्या वेळी म्हणाला, रंग जरा आनंदी करा. आनंदी! मी लिहिलं, झाकण आहे की लग्नाचा मांडव? त्यानं मला एक स्टार दिला. नव्या माणसाला पहिलाच स्टार एक मिळाला की पुढं कोणी दारात उभं करत नाही.

म्हणून मग मी गोपाळरावांना वर जाऊन गाठलं आणि खाली आमच्या घरी घेऊन आलो.

गोपाळराव आमच्याच बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर राहतात. पंच्याहत्तरीचे. घराणं तंजावरचं. कितीएक पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात बोलतात मराठीच. पण ती मराठी आपल्यापेक्षा जुनी, सूर तमिळ, आणि मधेच ‘सरि’ नि ‘पोदुम’ पेरलेलं. सरि म्हणजे ठीक, पोदुम म्हणजे पुरे. पहिल्या वर्षी मला त्यांचं निम्मं कळायचं नाही आणि त्यांना माझं कोल्हापुरी. इथं लिहिताना त्यांचं बोलणं मी माझ्या जिभेनं लिहितोय, सूर तुम्ही लावून घ्या. ते एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं होते. सगळा जन्म टेंडरं उघडण्यात गेला. मला वाटलं, बिड म्हणजे टेंडरच की. ह्यांना विचारावं, दर किती कमी लावला म्हणजे काम मिळतं.

तेच विचारलं.

“कमी लावून मिळेल,” ते म्हणाले. “पण काय मिळेल? सरकारात खरेदी दोन तऱ्हेची. एक नट-बोल्ट, खुर्च्या, फिनाइल. त्यात कोणीही चालतो, म्हणून ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला ऑर्डर. दुसरी तऱ्हा म्हणजे, हा माल एकाच माणसाकडं मिळतो, दुसऱ्याकडं नाही. तिथं साहेब सही करून लिहून देतो की दुसरा कोणी नाही, आणि मग दरांची तुलनाच होत नाही. फाइलच वेगळी.” त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरनं बघितलं. “तुम्ही पाच आठवडे फिनाइलच्या फायलीत नाव घालताय.”

“पण काका, कामच तसली दिसतात तिथं.”

“तुमचा खरा धंदा काय? एका वाक्यात सांगा. मला सांगा, मी अडाणी आहे असं समजा.”

मी बाहेर बघितलं. मग त्यांना तुपाचं सांगितलं. कढवलेलं तूप डब्यात ओतलं आणि थिजलं, की मधे खड्डा पडतो. कडेचं आधी थिजतं, मधलं उशिरा, आणि थिजताना तूप आकसतं. लोखंडाचंही तसंच. फक्त लोखंडात तो खड्डा आत, पोटात पडतो. वरनं दिसत नाही. पंप चालू केला की तिथनं पाणी पाझरतं. मी ड्रॉइंग बघून सांगतो की खड्डा कुठं पडणार, आणि तो पडू नये म्हणून काय करायचं.

“हे कुठं लिहिलंय ह्यात?”

नव्हतं लिहिलेलं. वडलांचं नाव होतं, खड्डा नव्हता.

“काढा अस्सं सगळं,” ते म्हणाले आणि त्यांनीच काढायला सुरवात केली. एकेक ओळ खोडताना ‘पोदुम’ म्हणायचे. विवाहित, पोदुम. संगणकाचं ज्ञान, पोदुम. प्रामाणिक आणि मेहनती, पोदुम, पोदुम. शेवटी एकच वाक्य उरलं: ओतलेला पार्ट कुठं गळेल ते मी ड्रॉइंगवर सांगतो, ओतायच्या आधी.

मला ते वाक्य भुंडं वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं एक वाक्य! खरं सांगायचं तर रडू आल्यासारखं झालं. गोपाळरावांना ते कळलं असावं, कारण त्यांनी वैशालीला कॉफी टाकायला सांगितली.

कॉफी पिता पिता त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. टेंडर भरायच्या आधी कंपन्यांना शंका विचारायची सोय असते. लेखी विचारायच्या, खात्यानं लेखी उत्तर द्यायचं. “बरेच जण विचारतच नाहीत. पण मी दर उघडायच्या आधी शंका वाचायचो. ज्याची शंका नेमकी, त्याला काम कळलं. उरलेल्यांना नुसती ऑर्डर हवी. तुम्ही बिड टाकू नका. शंका टाका.”

त्या दिवसापासनं मी बिड बंद केलं. नुसता वाचत बसलो. एका आठवड्यात तीनशेवर कामं वाचली असतील. ज्यात ओतकामाचा वास येतो तेवढीच बाजूला काढली. वास म्हणतो कारण लोक सरळ लिहीत नाहीत. कोणी लिहितं, जुनं ड्रॉइंग आहे, थ्रीडी करून द्या. खालच्या फाइली उघडल्या की कळतं की ते कास्टिंग आहे, म्हणजे ओतीव पार्ट.

तसंच एक सापडलं. इंग्लंडमधली एक छोटी पंप कंपनी. इंजिनिअर बाईंचं नाव हेलन. काम: पंपाच्या बॉडीच्या जुन्या हाती काढलेल्या ड्रॉइंगवरनं थ्रीडी मॉडेल, त्यावरनं नवा पॅटर्न करायचा आहे. सोपं काम, कमी बजेट. साठएक लोकांनी बिड टाकलेलं. एकानं तर जवळजवळ फुकटच करून देतो म्हटलं होतं.

मी ड्रॉइंग उघडलं आणि दोन मिनिटांत खुर्चीत ताठ बसलो. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाच्या डाव्या अंगाला भिंत बारीक, बोटाएवढी. आणि तिला चिकटून बोल्ट बसवायला मुठीएवढा जाड गोळा. बारीक भिंत पटकन थंड होणार, गोळा मागं राहणार, आणि गोळ्याच्या पोटात खड्डा पडणार. वर त्याच गोळ्यात बोल्टासाठी ड्रिल मारलेलं. म्हणजे पोटातली पोकळी भोक पाडून उघडी करायची! मग पाणी गळेल नाहीतर काय?

दर लिहायच्या चौकटीत मी काही लिहिलं नाही. खाली तीन ओळींची शंका टाकली. “प्रेशर टेस्टला हा पार्ट आउटलेटच्या डावीकडं, बोल्टच्या भोकातनं पाझरतो का? पॅटर्न झिजला असं समजून तुम्ही नवा करताय का? तसं असेल तर थांबा, नवाही गळेल.”

पाठवलं आणि लगेच घाम फुटला. नसेल गळत तर? एक स्टारवाला माणूस, वर न विचारलेलं ज्ञान पाजळतोय. मी गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायला लागलो. वैशालीनं ते बघितलं आणि मला ताप आलाय का म्हणून विचारलं.

शेवटचा शर्ट दोरीवर टाकेपर्यंत उत्तर आलं. एकच ओळ. “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

मी लिहिलं, तुमच्या ड्रॉइंगनं.

अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल. आमची दुपार, त्यांची सकाळ. हेलनबाई चाळिशीच्या, केस वर बांधलेले, मागं टेबलावर तोच पंप. त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या गोळ्यावर खडूची खूण दाखवली. “दहातले चार इथं गळतात. दीड वर्ष. आम्ही सील बदललं, बोल्ट बदलले, शेवटी पॅटर्नला दोष दिला.” मग म्हणाल्या, “थ्रीडीचं काम मी काढून टाकतेय. तुम्ही काय कराल ते सांगा.”

नादखुळा! मला उठून नाचावंसं वाटलं. पण कॅमेरा चालू होता, आणि खाली मी लुंगीवर होतो.

मी उपाय सांगितला. एक, गोळा मागनं कोरून पोकळ करायचा, भिंतीला जुळेल एवढा. दोन, रायझर हलवायचा. रायझर म्हणजे साच्यात वरच्या बाजूला ठेवलेली जादा लोखंडाची टाकी. पार्ट आकसताना तिच्यातनं लोखंड खाली उतरतं, म्हणजे खड्डा पार्टमधे न पडता टाकीत पडतो. त्यांची टाकी भलतीकडंच होती. तीन, गोळ्याशी वाळूत चिल बसवायचा. चिल म्हणजे साधा लोखंडाचा तुकडा. तो उष्णता ओढून घेतो, मग जाड जागाही लवकर थंड होते. नवा पॅटर्न नको. जुनाच जरा तासला की झालं.

बाईंना पटलं. पण ओतणारे दुसरेच होते. त्यांच्या फाउंड्रीचा मॅनेजर, डग्लस. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर तो होता. लाल तोंड, दोन्ही हात छातीवर बांधलेले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी तीस वर्षं ओततोय. हा पार्ट असाच ओतला जातो.”

“मी सव्वीस,” मी म्हटलं. “तुम्ही सीनियर. पण लोखंडाला आपल्या दोघांची सीनियॉरिटी कळत नाही.”

हेलनबाईंनी तोंडावर हात धरला. डग्लस हसला नाही. “तुम्ही आमची फाउंड्री बघितलेली नाही. पार्टला हात लावलेला नाही. कुठल्या गावात बसून सांगताय?”

“आवडी. चेन्नई. माझं चुकलं तर मला काही देऊ नका. बारा पार्ट ओता. एकसुद्धा खड्ड्यानं गळला तर मी स्वतःहून बाजूला होतो.”

बोलून गेलो. अशा वेळी माझी जीभ माझ्या आधी धावते, ही जुनी खोड आहे. डग्लसनं ते वाक्य कागदावर लिहून घेतलेलं मला दिसलं.

बारा पार्ट ओतून, थंड करून, मशिनिंग करून प्रेशर टेस्ट व्हायची होती गुरुवारी. आणि त्याआधीच्या शुक्रवारी पटेलसाहेबांचा फोन. “सुतारभाई, सोमवारी सकाळी हो किंवा ना. दुसरा माणूस तयार आहे.”

“साहेब, गुरुवारपर्यंत थांबता येईल?”

“नाही भाई. दोन महिने थांबलो.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझीच पंचाईत झाली होती. सोमवारी हो म्हटलं तर बॅग भरायची. ना म्हटलं आणि गुरुवारी पार्ट गळले, तर हातात काहीच नाही. शनिवार-रविवार मी घरात येरझाऱ्या घातल्या. मुग्धा म्हणाली, “बाबा, एका जागी बस ना. तू फॅनसारखा फिरतोयस, माझी गणितं चुकायला लागलीत.”

रविवारी संध्याकाळी वैशालीनं मला समोर बसवलं. “मला एवढंच सांगा. ते पार्ट गळणार नाहीत, हे तुम्ही त्या लोकांना सांगितलं. खरं सांगितलं का?”

“खरं म्हणजे... ड्रॉइंगवरनं तरी...”

“हो की नाही ते बोला. मला पेपर तपासायचेत.”

मी ड्रॉइंग परत डोळ्यांपुढं आणलं. गोळा, भिंत, टाकी, चिल. कुठंही शंका नव्हती. “हो,” मी म्हटलं.

“मग उद्या राजकोटला नाही म्हणा. आणि आता ते फिरणं बंद करा.” ती पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलीसुद्धा.

सोमवारी सकाळी मी पटेलसाहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “पस्तावाल.” मी म्हटलं, “शक्य आहे साहेब.” फोन ठेवला तेव्हा घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

गुरुवार. दुपारी कॉल लागला. ह्या खेपेला डग्लस आधीच येऊन बसलेला आणि चक्क हसत होता. ते बघूनच मी काय ते ओळखलं. म्हणाला, “अकरा कोरडे. एक गळतोय.” आणि त्यानं तो लिहून घेतलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

हेलनबाई म्हणाल्या, “डग्लस, आधी दहातले चार गळत होते.”

“ते एकसुद्धा गळणार नाही म्हणाले होते. त्यांचेच शब्द आहेत.”

बरोबर होतं त्याचं. माझेच शब्द होते. राजकोट गेलं, हेही गेलं. मग आतला फाउंड्रीवाला जागा झाला. गळतोय हे कळलं, पण कशानं? मी म्हटलं, “तो पार्ट गळतो तिथं कापा आणि कापलेल्या जागेचा फोटो पाठवा. मग मी बाजूला होतो.”

“काय उपयोग?”

“मी म्हणालो होतो, खड्ड्यानं गळला तर. खड्डा आहे का तेवढं बघू द्या.”

तासाभरानं फोटो आला. आणि मी टेबलावर अशी थाप मारली की वरनं गोपाळराव खाली आले. आकसून पडलेला खड्डा असतो तो वेडावाकडा, दातेरी, आतनं फाटल्यासारखा. ह्या फोटोत होती ती गोल, गुळगुळीत, चकचकीत भोकं, आंबोळीला जाळी पडते तशी. आणि सगळी चिलच्या बाजूला. हा खड्डाच नव्हता. हा गॅस होता. आणि चिलशेजारी गॅस होतो तो बहुतेक एकाच गोष्टीनं.

पुन्हा कॉल. मी डग्लसला विचारलं, “बारावा चिल कुठनं आणला?”

“म्हणजे?”

“अकरा चिल स्वच्छ असणार. बारावा नसणार. तो गंजलेला होता का, ते तुमच्या माणसांना विचारा.”

डग्लस उठून गेला. दहा मिनिटं रिकामी खुर्ची. हेलनबाई आणि मी एकमेकांकडं बघत बसलो. गोपाळराव माझ्या मागं उभे, त्यांनी खांद्यावर हात ठेवलेला.

डग्लस परत आला तेव्हा त्याच्या हातात लोखंडाचा एक तुकडा होता. तांबूस, खवले धरलेला. खाली बसला. मग म्हणाला, “एक कमी पडला म्हणून यार्डातल्या पेटीतनं उचलला. ह्याचाच जोडीदार.” गंजावर तापलेलं लोखंड पडलं की गॅस सुटतो. हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही माहीत असतं, पण कामाच्या घाईत हात पेटीत जातो. माझ्याही फाउंड्रीत गेलेला आहे. मी त्याला तसं सांगितलं.

त्यानं तो कागद उचलला, चुरगळला आणि बाजूला टाकला. “पुन्हा बारा ओततो,” तो म्हणाला. “चिल मी स्वतः बघून बसवतो.”

पुढच्या आठवड्यात बाराच्या बारा कोरडे! हेलनबाईंनी रिपोर्ट पाठवला नाही, थेट कॉल लावला आणि पंप चालू करून दाखवला. पाणी आत जातंय, बाहेर येतंय आणि डाव्या अंगाला एक थेंब नाही. मी आयुष्यात हजारो पार्ट ओतले असतील, पण स्क्रीनवरच्या त्या कोरड्या गोळ्याकडं बघून जेवढा आनंद झाला तेवढा कधी झाला नव्हता. वैशाली शाळेतनं आली तेव्हा तिला दारातच सांगितलं. ती नुसती “बरं” म्हणाली. मग चप्पल न काढताच खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेव्हा मला कळलं की फिरत मी होतो, पण घाबरली ती जास्त होती.

हेलनबाईंच्या कंपनीनं माझ्याशी वर्षाचा करार केला. त्यांचं कुठलंही नवं ड्रॉइंग पॅटर्नला जायच्या आधी माझ्याकडं येतं. मी त्यावर लाल खुणा करतो: इथं गळेल, इथं तडकेल, इथं काही होणार नाही, उगाच जाड करू नका. पाच स्टारही दिले त्यांनी, पण आता ते कोण बघतंय? डायनिंग टेबलच्या एका टोकाला मी बसतो, दुसऱ्या टोकाला मुग्धाचं फिजिक्स. गोपाळरावांना मी फी विचारली तर म्हणाले, सरकारी माणूस आहे, रिटायर झाल्यावर लाच घेत नाही.

करारानंतर महिन्याभरानं एका सकाळी मेल आला. डग्लसचा. त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचे चार पार्ट, चार ड्रॉइंग्ज जोडलेली. काम काय, दर काय, काही लिहिलेलं नाही. वर एवढीच ओळ: “मी तीस वर्षं हे ओततोय आणि तीस वर्षं ह्यातलं काही ना काही गळतंय. आधी तुमच्या शंका पाठवा.”

चार ड्रॉइंग्जवर माझ्या नऊ शंका निघाल्या. त्यातल्या आठ बरोबर ठरल्या. नववीत मी सपशेल तोंडघशी पडलो, आणि डग्लसनं ते मला सविस्तर, क्रमवार, फोटोंसकट कळवलं. साइटवर मी अजून अधनंमधनं कामं वाचतो. झाकणांची कामं रोज येतात. वाचताना काही खटकत नाही, म्हणजे ती माझी नव्हेत, एवढं आता समजतं.